कात्री मागणारी मुलगी

विचार कसा करावा हे शिकवणाऱ्या पुस्तकांविषयी माझ्या मनात फार दिवसांची एक अढी आहे. स्मरणशक्ती वाढवा, निर्णय झटपट घ्या, यशस्वी माणसांच्या अमुक इतक्या सवयी अंगी बाणवा, असल्या पुस्तकांचा सुकाळ पूर्वीही होता आणि आजही आहे. त्यांतला विचार करणारा गृहस्थ मला नेहमी एकाच साच्यातला दिसतो. त्याला कोठेतरी लवकर पोहोचायचे असते आणि सारे जग त्याच्या वाटेत आडवे पडलेले असते. समोरचा प्रश्न काय म्हणतो आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तो किती मिनिटांत सुटला एवढेच तो पाहतो. तेव्हा विचाराच्या मानसशास्त्रावरील एखाद्या ग्रंथाविषयी लिहावे असे जेव्हा ठरले, तेव्हा मी नवे काही न शोधता माक्स वेर्टहायमर याचे ‘प्रॉडक्टिव्ह थिंकिंग’ हे जुने पुस्तक कपाटातून पुन्हा काढले. ‘सर्जक विचार’ असे त्याचे नाव आपण मराठीत करू. माझ्या अढीतून जी थोडी पुस्तके सुटली त्यांत हे पहिले. ते का सुटले, आणि सुटूनही कोठे कमी पडले, ते सांगण्याचा येथे विचार आहे.

वेर्टहायमर १८८० साली प्रागमध्ये जन्मला. पुढे जर्मनीत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी जे मानसशास्त्र उभे केले त्याला ‘गेस्टाल्ट’ म्हणतात. मराठीत त्याला व्यूह मानसशास्त्र असे नाव आहे. नाव भारदस्त असले तरी मूळ कल्पना घरगुती आहे. भूप काळी एकमध्ये गायिला काय किंवा काळी चारमध्ये गायिला काय, प्रत्येक स्वराची कंपनसंख्या बदलते, पण भूप भूपच राहतो. म्हणजे राग ही स्वरांची नुसती बेरीज नव्हे. स्वरांचे एकमेकांशी जे नाते, ते रागाचे खरे शरीर. वेर्टहायमरचे म्हणणे असे की विचाराचेही तेच आहे. १९३३ साली त्याला जर्मनी सोडावी लागली. न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’ या संस्थेत त्याने उरलेली दहा वर्षे शिकवले. त्या काळात सत्य, नीती, लोकशाही आणि स्वातंत्र्य या विषयांवर त्याने चार छोटे निबंध लिहिले, आणि हे एक पुस्तक. ऑक्टोबर १९४३ मध्ये तो वारला. पुस्तक १९४५ मध्ये निघाले.

त्याच १९४५ साली याच विषयावरची आणखी तीन पुस्तके इंग्रजीत यावीत हा योगायोग मोठा विलक्षण आहे. जॉर्ज पोल्याचे ‘हाऊ टु सॉल्व्ह इट’, जाक आदामार याचे गणितातील शोधांच्या मानसशास्त्रावरचे पुस्तक, आणि कार्ल डुंकर याच्या १९३५ च्या जर्मन ग्रंथाचा अनुवाद. चौघेही युरोपातून परागंदा होऊन अमेरिकेत आलेले. डुंकर तर आपला अनुवाद पाहण्यास जिवंतही नव्हता. १९४० साली वयाच्या सदतिसाव्या वर्षीच तो गेला. ज्या काळात युरोपातील लाखो माणसे आज्ञेबरहुकूम पावले टाकीत होती, त्या काळात ही निर्वासित मंडळी माणूस स्वतःच्या डोक्याने कसा चालतो याचा शोध घेत बसली होती. पोल्याचे पुस्तक उपयुक्त आहे. पण त्याला पाककृतींच्या वहीची कळा आहे. आदामारचे रंजक आहे. पण त्यात सगळे मोठे मोठे गणिती. वेर्टहायमरचे मात्र मुलांपासून सुरू होते.

पुस्तकाचा गाभा मला विचाराल तर एका शाळेच्या वर्गात आहे. गुरुजींनी मुलांना आयताचे क्षेत्रफळ शिकवलेले आहे. आता समांतरभुज चौकोन आला, म्हणजे सोप्या भाषेत एका बाजूला कललेला आयत. गुरुजी वरच्या दोन कोपऱ्यांतून लंब टाकतात, पाया वाढवतात, सिद्धता देतात, पाया गुणिले उंची असे सूत्र फळ्यावर येते. दुसऱ्या दिवशी मुले पटापट गणिते सोडवतात. गुरुजी प्रसन्न. पाठीमागे बसलेला वेर्टहायमर परवानगी घेऊन उठतो आणि तीच आकृती फळ्यावर काढतो. फक्त उभी, जणू आडवे पडलेले माणूस उठून बसावे तशी. वर्गात खळबळ. एक मुलगा म्हणतो की हे आम्हांला अजून शिकवलेले नाही. काही मुले इमानेइतबारे वरच्या दोन कोपऱ्यांतून लंब खाली सोडतात, पाया लांबवतात आणि त्या रेघांच्या जंजाळात हरवून बसतात. थोडी मुले मात्र हसतात, कागद फिरवतात आणि मोकळी होतात.

हे वाचताना मला हसू आले नाही. त्या मुलाचे ते वाक्य आपल्या घराघरांतले आहे. परीक्षेहून आलेले पोर ‘सिलॅबसच्या बाहेरचे आले होते’ म्हणते, आणि आपणही शाळेवर रागावतो. आकृती तीच आहे, उभी राहिली एवढेच, हे ना पोराला दिसत ना आपल्याला.

मग वेर्टहायमर शाळेबाहेर पडतो आणि ज्यांना भूमिती कशाशी खातात हेही ठाऊक नाही अशा लहान मुलांपुढे तीच आकृती ठेवतो. त्यांत साडेपाच वर्षांची एक मुलगी आहे. आयत कसा मोजायचा ते तिला दाखवले आहे. कललेली आकृती पाहून ती आधी म्हणते, हे काही मला येत नाही. मग गप्प राहून बघत बसते. थोड्या वेळाने एका टोकाकडे बोट दाखवून सांगते की इथे हे बरोबर नाही, आणि दुसऱ्या टोकाकडे दाखवून सांगते की इथेही नाही. थोडे घुटमळते. आणि मग एकदम कात्री मागते. एका टोकाला जे जास्तीचे तेच दुसऱ्या टोकाला हवे आहे, हे तिला दिसलेले असते. तिरके टोक कापून तिने पलीकडे जोडले, आयत पुरा झाला.

या एका प्रसंगावरचे वेर्टहायमरचे विवेचन म्हणजे समीक्षेचा उत्तम नमुना आहे; एखाद्या रसिकाने कवितेचा उलगडा करावा तसे ते आहे. तो विचारतो, मुलीने नेमके काय केले? तिने आठवले नाही, कारण आठवायला काही नव्हतेच. तिने इकडे तिकडे चाचपडूनही पाहिले नाही. आकृतीतच एक खोट होती, एक ओढ होती, आणि मुलगी त्या ओढीच्या मागे गेली. प्रश्न सोडवण्याची सुरुवात उत्तराच्या शोधाने होत नाही. नेमके काय खुपते आहे ते दिसण्याने होते. मला स्वतःला या मुलीचे घुटमळणे सर्वांत मोलाचे वाटते. हुशार मूल ते जे चटकन उत्तर देते, ही समजूत आपल्यात इतकी रुजलेली आहे की पोर आकृतीकडे नुसते बघत बसले तर आपण त्याला हलवून विचारतो, ‘झोपलास काय?’

याची दुसरी बाजू वेर्टहायमरचा शिष्य व सहायक अब्राहम लुचिन्स याने दाखवली. त्याचा प्रबंध १९४२ चा. त्यातला खेळ वाचकांनी फराळाच्या पाटावर करून पाहण्याजोगा आहे. तीन भांडी आहेत: एकात २१ मापे पाणी मावते, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. यांच्या साहाय्याने बरोबर १०० मापे पाणी काढायचे. उत्तर असे की दुसरे भरावे, त्यातून एकदा पहिले भरून काढावे, दोनदा तिसरे. १२७ मधून २१ गेले, दोनदा ३ गेले, उरले १००. आता १४, १६३, २५ घेऊन ९९ काढा; तीच युक्ती. १८, ४३, १० घेऊन ५, पुन्हा तीच. ९, ४२, ६ घेऊन २१, तीच. असे चार-पाच झाले की हळूच २३, ४९, ३ घेऊन २० मागायचे. बहुतेक मंडळी ४९ चे भांडे भरतात, २३ काढतात, दोनदा ३ काढतात आणि विजयी मुद्रेने वर पाहतात. तेविसातून तीन काढले की वीस होतात, हे पहिलीतल्या मुलाला विचारले तरी सांगेल!

मागच्या मे महिन्यात घरी जमलेल्या भाचरांवर मी हा खेळ केला. इंजिनियरिंगला असलेल्या थोरल्याने लांबची वाट धरली. बाहेरून खेळून उशिरा आलेला आणि पहिली गणिते न पाहिलेला धाकटा पाणी पिता पिता उत्तर सांगून गेला. एका घरातल्या गमतीने काही सिद्ध होत नाही, पण लुचिन्सच्या प्रयोगांचा कौलही हाच आहे. ज्यांना आधी सराव दिला नव्हता त्यांना सोपी वाट सहज दिसली. सराव झालेल्यांना ती दिसेना. लुचिन्सने काही जणांना कागदावर स्वतःच्या हाताने ‘आंधळे होऊ नका’ अशा अर्थाची सूचना लिहावयास लावली, तेव्हा काहींचे डोळे उघडले. सगळ्यांचे नाही.

डुंकरचा मेणबत्तीचा प्रयोग याच घराण्यातला. दारावर डोळ्यांच्या उंचीला छोट्या मेणबत्त्या बसवायच्या. टेबलावर इतर बारीकसारीक वस्तूंबरोबर टाचण्या आहेत, काड्या आहेत आणि पुठ्ठ्याच्या लहान पेट्या आहेत. पेटी रिकामी असली की ती दाराला टाचून तिच्यावर मेणबत्ती उभी करण्याचे माणसाला सुचते. तीच पेटी टाचण्यांनी भरून ठेवली की सुचणे अवघड होते. कारण आता ती पेटी उरत नाही, टाचण्यांचे घर होते. यापेक्षा अधिक विस्तार या प्रयोगाचा मी करत नाही. अलीकडे तो व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून इतका ऐकू येतो की त्याचा वीट यावा.

पण वेर्टहायमरचे पुस्तक नुसत्या युक्त्यांचे असते तर त्यावर लिहिण्याचे मला प्रयोजन नव्हते. त्यातले एक प्रकरण दोन मुलांच्या बॅडमिंटनवर आहे. एक बारा वर्षांचा, एक दहाचा. वेर्टहायमर खिडकीतून पाहतो आहे. मुलांना ते माहीत नाही. थोरला चांगला खेळणारा, धाकटा प्रत्येक डाव हरतो. अखेर धाकटा रॅकेट टाकून झाडाच्या ओंडक्यावर जाऊन बसतो. थोरला आधी समजावतो, मग चिडतो, मग त्याला लाज वाटू लागते. आता पाहा, येथे प्रश्न कोणता? थोरल्याच्या दृष्टीने प्रश्न असा की याला पुन्हा खेळायला कसे आणावे. त्यावर उपायही पुष्कळ आहेत. गुण जास्त द्यावेत, मुद्दाम हरावे, दटावावे. आपण वडीलधारी माणसे यांतलाच एखादा सुचवू. पण त्या मुलाला हळूहळू दिसते की खोट धाकट्यात नाही, खेळातच आहे. ज्या खेळात एकाला फूल झेलताच येणार नाही असे मारणे हेच दुसऱ्याचे काम, तो खेळ या दोघांचा होऊच शकत नाही. मग तो सुचवतो की आपण दोघे मिळून फूल खाली न पडू देता किती वेळ ठेवू शकतो ते मोजू या. आधी सोपे मारू, मग अवघड करत जाऊ. धाकटा आनंदाने उठतो, आणि दोघे आता एका बाजूने खेळू लागतात.

येथे वेर्टहायमरने फार मोठी गोष्ट साध्या आवाजात सांगितली आहे. बाराव्या वर्षाच्या त्या मुलाने सोडवलेले कोडे आणि कात्रीवालीने सोडवलेले कोडे यांची जात एकच. दोघांनाही बाहेर पडता आले ते ‘मी’ मधून. जोवर थोरला मी जिंकतो, मी खेळतो, मला खेळगडी हवा, असे पाहत होता तोवर त्याला वाट दिसेना. तो स्वतः चित्रातला एक भाग झाला, मध्यबिंदू राहिला नाही, तेव्हा चित्र बदलले. विचार करणे ही वेर्टहायमरच्या लेखी म्हणूनच नुसती बुद्धीची गोष्ट नाही. वस्तूला जे हवे ते पाहण्याचा तो प्रामाणिकपणा आहे. ज्याने आपला देश शहाण्यासुरत्या लोकांसह आंधळा होताना पाहिला त्याला हे सुचावे यात नवल नाही.

आता दोषांकडे वळतो. आइन्स्टाइनवरचे प्रकरण पुस्तकाचे शिखर म्हणून गाजले. मला ते पुस्तकातील सर्वांत कच्चे प्रकरण वाटते. १९१६ पासून बर्लिनमध्ये तो आइन्स्टाइनशी तासन्‌तास बोलला, सापेक्षतेचा विचार कसा सुचला ते विचारून घेतले, आणि नंतर ते सारे नाटकासारखे अंकांत मांडले. येथेच घोटाळा झाला. नाटकात प्रत्येक प्रवेश पुढच्या प्रवेशासाठी असतो. माणसाच्या डोक्यात तसे नसते. १९७५ साली आर्थर मिलर या इतिहासकाराने कागदपत्रांशी ताडून दाखवून दिले की या कथेतील सुसंगती बरीचशी वेर्टहायमरची आहे. कात्रीवाल्या मुलीला त्याने घुटमळू दिले, आइन्स्टाइनला मात्र दिले नाही. थोरांविषयी लिहिताना आपली लेखणी अशीच सरळ रेषेत धावू लागते. आपल्याकडील चरित्रग्रंथ पाहिले तरी याचा प्रत्यय येईल.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पाठांतराविषयी वेर्टहायमरच्या मनात इतका राग आहे की स्मृती म्हणजे विचाराची सवतच, असे वाचकाला वाटू लागते. हे मला मान्य नाही. हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ आद्रियान द खोरोट हा स्वतः बुद्धिबळाचा चांगला खेळाडू. १९४६ च्या आपल्या प्रबंधात त्याने दाखवले की उस्ताद खेळाडू सामान्य चांगल्या खेळाडूपेक्षा फार पुढच्या चाली मोजतो असे काही नाही. त्याला पटावरची योग्य चाल मुळात दिसतेच लवकर. डावातला पट काही सेकंद दाखवून झाकला तर उस्ताद तो जवळजवळ जसाच्या तसा मांडून देतो. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी यात एक मार्मिक भर घातली. त्यांनी मोहरी वाटेल तशी विस्कटून ठेवली. तेव्हा उस्तादाचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले! म्हणजे त्याची दृष्टी ही हजारो डाव डोळ्यांखालून गेल्याने तयार झालेली दृष्टी. ‘एकदम दिसणे’ या ज्या चमत्काराचे वेर्टहायमर कौतुक करतो, तो पुष्कळदा जुन्या ओळखीचा असतो. सायमन आणि अॅलन न्यूएल यांचा ‘ह्यूमन प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा १९७२ चा प्रचंड ग्रंथ याच अंगाने जातो. वाचायला तो रुक्ष आहे, पण विचाराची एकेक पायरी संगणकाकडून करवून घेऊन तपासावी हा त्याचा आग्रह मला प्रामाणिक वाटतो. वेर्टहायमर पायऱ्या सांगत नाही. ओढ कशी जाणवते, एकाला जाणवते आणि दुसऱ्याला का नाही, यावर तो गप्प आहे.

आणि या बाबतीत आपल्या परंपरेत एक दाखला आहे जो वेर्टहायमरला ठाऊक असता तर त्याचा राग थोडा निवळला असता. आपल्या मागच्या पिढ्यांना पावकी, निमकी, पाउणकी, सवाकी, दिडकी तोंडपाठ असत. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ही, ११५० च्या सुमाराची, श्लोकबद्ध, म्हणजे पाठ करण्यासाठीच रचलेली. तीत वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र दिले आहे: व्यासाचा चौथा भाग घेऊन परिघाने गुणावे. का गुणावे ते श्लोकात नाही. पण कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांचा ‘ग्रहलाघव’ पंचांगकर्त्यांच्या हाती शतकानुशतके होता, त्यांनी १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तीत ते सांगतात की वर्तुळाचे दोन अर्धे करा, प्रत्येक अर्ध्याचे मध्यापासून परिघापर्यंत निमुळते तुकडे कापा, ते उलगडून दातांसारखे पसरा, आणि एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत बसवा. आयत होतो. त्याची लांबी अर्धा परिघ, रुंदी अर्धा व्यास. तुकडे जितके बारीक तितका आयत नेटका.

म्हणजे कात्री येथेही आहे! न्यूयॉर्कमध्ये पुस्तक पुरे होण्याच्या चारशे वर्षे आधी नांदगावला बसून एका ज्योतिष्याने तीच हालचाल केली, आणि ती केली एका पाठ केलेल्या श्लोकाच्या आधाराने. श्लोक आणि उपपत्ती यांचे भांडण त्यांना ठाऊक नव्हते. सूत्र ओठांवर असल्यामुळेच मन ‘हे असे का’ या प्रश्नापाशी मोकळे होऊन बसू शकले, असे मी म्हणेन. आपण पुढे काय केले? श्लोक घरोघर पोहोचवला आणि उपपत्ती टीकेच्या पोथीत ठेवून दिली. पावकी-निमकी पाठ असणाऱ्या माझ्या आजोबांना पाव अधिक पाव अर्धा का, हे कागद घडी घालून दाखवता येत असे. पण तसे दाखवण्याची पाळी त्यांच्यावर कोणी आणली नाही. आता तर श्लोकही गेला. हातातल्या यंत्राला विचारले की उत्तर येते, आणि पाठांतरही नाही, पाहणेही नाही, अशी मुले आपण वाढवत आहोत. वेर्टहायमरचा शत्रू घोकंपट्टी हा होता. आज त्याने पुस्तक लिहिले असते तर शत्रूची निवड त्याला नव्याने करावी लागली असती.

तरीही हे पुस्तक मी घरात हाताशी ठेवतो, ते त्यातल्या मुलांसाठी. १९५९ साली त्याचा मुलगा मिखाएल याने काढलेली विस्तारित आवृत्ती मिळाली तर वाचकांनी तीच घ्यावी. आइन्स्टाइनचे प्रकरण वगळले तरी चालेल, बॅडमिंटनचे वगळू नये. आणि समांतरभुज चौकोनाच्या प्रकरणात कात्रीवालीच्या शेजारीच आणखी एक मूल आहे, त्याच्यापाशी थोडे थांबावे. त्याला कागदाची लांबट कललेली पट्टी दिली आहे. मधला भाग ठीक आहे, टोकेच तेवढी त्रास देतात, असे ते म्हणते, पट्टीकडे पाहत राहते आणि एकाएकी हसून ती वाकवते आणि दोन्ही तिरकी टोके एकमेकांना भिडवून तिचे कडे करते. हे काय केलेस असे विचारल्यावर, इवल्या बोटांनी टोके घट्ट धरून ते सांगते की आता मध्ये कोठेही सरळ कापले तरी चालेल.